बर्फ कोण हटवतं

सव्विसाव्या आठवड्यात आली,
आठशे चाळीस ग्रॅम.
औलू गावात नोव्हेंबर संपत आलेला,
दुपारी तीनलाच मिट्ट काळोख,
आणि व्हिएनो नावाची ती मूठभर मुलगी
काचेच्या पेटीत,
पानं मांडायच्या आधीच आलेल्या पाहुणीसारखी.

मी यंत्र चालवणारी बाई, डॉक्टर नव्हे.
पण रात्रपाळीला डॉक्टर डुलक्या घेतात
आणि बाप जागे असतात.
ताह्वोनं विचारलं, तिच्या डोक्यात आत्ता काय चाललंय?

म्हटलं, हे बघ.
खोल मध्यभागी एक खोली आहे, थॅलॅमस.
कातडी, कान, डोळे जे काही सांगतात
ते आधी तिथं येऊन टेकतं.
तिथून धागे निघतात वरच्या सालीकडे.
आपल्या बर्चच्या सालीसारखीच ती, पातळ,
फक्त अजून सुरकुतायची आहे.
धागे निघतात, पोचतात,
आणि सालीच्या अगदी खाली
उंबरठ्यावर थांबतात.
आठवडेच्या आठवडे.
घर बांधून व्हायचं असतं.

उंबरठ्यावर काही पेशी असतात, परांचीसारख्या.
आलेल्या धाग्याचा हात धरतात,
तू डोळ्याकडचा, तू तळव्याकडचा,
असं करत दार दाखवतात
आणि काम संपलं की बऱ्याचशा मरून जातात.
घरभरणीला त्यांना कुणी बोलावत नाही.

तो बराच वेळ गप्प.
हिवाळाभर रस्त्यांवर नांगराची गाडी फिरवणारा माणूस,
रात्री दोनला निघतो, सहाला शाळेची वाट मोकळी.
म्हणाला, वाट नुसती काढून भागत नाही.
चार तास कुणी गेलं नाही तर बुजते.
तिथं बर्फ कोण हटवतं?

मला हसू आलं. मग ते गिळलं.
कारण तेवढ्यात पेटीत, गाढ झोपेत,
तिचा डावा पाय उडाला.

ती, मी म्हटलं.
ती स्वतःच.
वरून हुकूम नाही, काही नाही,
पाय आपला उडतो,
आणि बातमी वर जाते:
पाय. इथं. डावा.
मग पुन्हा.
झोपेतच चालतं हे काम, तुझ्यासारखंच, रात्रपाळी.

मार्चमध्ये, जेव्हा खरं तर जन्मायची होती,
तेव्हा मी तिला यंत्रात घातलं.
इंकेरीनं पोटभर पाजलं, गुंडाळलं,
कानांवर टोप्या, वर आणखी एक.
यंत्र सुतारपक्ष्यासारखं ठोकायला लागलं.
अकरा मिनिटं झोपली आणि शिंकली,
म्हणून शेवटची तीन चित्रं भुताटकीची.
बाकीच्यांत स्पर्शाची वाट रुंद दिसत होती,
त्या उडत्या पायाची.
डोळ्यांची अजून पाऊलवाट.
आणि वरून खालीही काही यायला लागलं होतं:
साल आता उलट बोलत होती,
हे नको, ते पुन्हा सांग.
इंकेरी म्हणाली, माझ्यावर गेलीय.

वर्षाची झाली तेव्हा डोळ्यांची वाटही वाहती.
आकडे माझ्याकडे आहेत, दाखवत नाही;
आकड्यांत ती ओळखू येत नाही.

दुसऱ्या वर्षी काही केल्या झोपेना.
दूध झालं, थोपटून झालं,
ताह्वोनं गाडीत घालून तीन फेऱ्या मारल्या,
मग मीही अंगाईसारखं काहीतरी घोगरं गुणगुणले.
शेवटी कागदावर लिहिलं:
हालचाल फार, तपासणी अपुरी.

लिहिताना मान वर केली
तर ती खिडकीच्या काचेला नाक लावून उभी,
खाली नांगराचा पिवळा दिवा गरगरत येताना
बोट दाखवत होती
आणि डावा पाय आपटत होती,
एकदा, मग थांबून,
पुन्हा.